हृदयाचे लिखाण वाचणारे डॉक्टर आइंथोवेन

मनुष्याच्या देहात हृदय हा एक असा सेवक आहे की, जो जन्मापासून अखेरच्या क्षणापर्यंत एकदाही रजा घेत नाही. आपण झोपतो तेव्हाही तो जागा असतो. मिनिटास सुमारे ७० ठोके धरले तर एका अहोरात्रात त्याचे १ लाख ठोके होतात. आणि इतके श्रम करूनही तो आपल्या धन्याजवळ सहसा तक्रार करीत नाही. ही गोष्ट जितकी सुखाची तितकीच धोक्याचीही आहे. कारण जो सेवक कधी बोलत नाही, तो थकला आहे हे धन्यास कळत नाही, आणि कळते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. आमच्याकडील वैद्यांनी नाडीवर बोटे ठेवून या मुक्या सेवकाचे मनोगत ओळखण्याचा यत्न केला. फ्रान्समध्ये डॉक्टर लेनेक यांनी १८१६ साली छातीस नळी लावून त्याचा आवाज ऐकला. तथापि नाडीचा ठोका काय किंवा छातीतील आवाज काय, तो आला आणि गेला; आज तपासलेले हृदय व वर्षापूर्वी तपासलेले हृदय शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहण्याचे साधन कोणाजवळ नव्हते.

हे साधन ज्यांनी जगास दिले, ते हॉलंडमधील डॉक्टर विलेम आइंथोवेन होत. आज तालुक्याच्या गावीही डॉक्टर छातीस, हातांस व पायांस तारा लावून कागदाच्या पट्टीवर ज्या वाकड्यातिकड्या रेषा काढून घेतात, व ज्यास आपण कार्डिओग्राम किंवा ईसीजी म्हणतो, तो या गृहस्थांच्या परिश्रमाचा प्रसाद होय. त्यांचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईवडिलांपुढे मुद्दाम ठेवीत आहोत. त्यात विद्यार्थ्यांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे. आणि ज्या घरी कोणी कर्करोगातून उठून बरे झाले आहे, अशा घरच्या वडीलधाऱ्यांनी नीट ध्यानात ठेवावी अशीही एक गोष्ट त्यातून निघते. ती ओघाने पुढे येईलच.

विलेम आइंथोवेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटातील सेमारांग या शहरी झाला. ते बेट त्या काळी डचांच्या ताब्यात होते, व विलेमचे वडील तेथे वैद्यकीचा व्यवसाय करीत. सहा भावंडांत विलेम तिसरे, व मुलग्यांत सर्वांत वडील. ते अवघे सहा वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. परक्या मुलखात सहा लेकरे पदरी असलेल्या त्या विधवा मातेवर कोणता प्रसंग ओढवला असेल, याची कल्पना आमच्या वाचकांस करता येईल. तिने चार वर्षे तेथेच कशीबशी काढली, आणि १८७० साली सर्व मुलांस घेऊन ती समुद्रमार्गे हॉलंडास परतली. युट्रेक्ट नावाच्या गावी तिने बिऱ्हाड केले, व मुलांच्या शिक्षणास कमी पडू द्यावयाचे नाही असा निश्चय करून संसार चालविला. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा मातांची नावे बहुधा एका ओळीत आटोपतात. परंतु त्या ओळीवाचून पुढचे चरित्र घडलेच नसते, हे विसरून चालणार नाही.

पुढे १८७८ साली विलेम युट्रेक्टच्या विद्यापीठात वैद्यकी शिकू लागले. घरची स्थिती बेताची असल्यामुळे त्यांनी सरकारशी करार केला होता. सरकारने शिक्षणाचा खर्च सोसावा, व शिक्षण संपल्यावर त्यांनी जावा वगैरे बेटांत लष्करी डॉक्टर म्हणून चाकरी करावी, असा तो करार होता. वडिलांनी जेथे चाकरी केली तेथेच आपणही जाऊ, यापलीकडे त्या वेळी त्यांची महत्त्वाकांक्षा नव्हती.

विद्यार्थिदशेत ते पुस्तकातील किडा मुळीच नव्हते. तालीम, पट्टा खेळणे आणि नाव वल्हविणे यांचा त्यांस मोठा नाद. विद्यापीठातील नौकामंडळाच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. एकदा कसरत करताना ते पडले व मनगट मोडले. हात बांधलेला असल्यामुळे सक्तीची विश्रांती नशिबी आली. दुसरा एखादा मुलगा अशा वेळी दैवास दोष देत बसता. परंतु या तरुणाने आपल्याच दुखऱ्या हाताकडे लक्ष दिले. तळहात उताणा व पालथा करताना कोपराचा सांधा कसा फिरतो, याचा त्यांनी विचार केला, व त्यावर एक शास्त्रीय निबंध लिहिला. आलेल्या संकटातून काही शिकून घेण्याची ही वृत्ती त्यांच्या ठिकाणी अखेरपर्यंत राहिली.

युट्रेक्ट येथे त्यांस गुरू लाभले तेही मोठे. डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा जो तक्ता टांगलेला असतो, तो तयार करणारे स्नेलेन यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. आणि प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ डोंडर्स यांच्याजवळ राहून १८८५ साली दृष्टी व रंग यांविषयी प्रबंध लिहून डॉक्टरची पदवी मिळविली. त्याच वर्षी लायडन विद्यापीठातील शरीरशास्त्राच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली, व ती या अवघ्या २५ वर्षांच्या तरुणास देऊ करण्यात आली. मात्र सरकारशी केलेला करार आड येत होता. शिक्षणासाठी घेतलेले पैसे सरकारास परत करून त्यांनी त्यातून मोकळीक मिळविली, आणि १८८६ च्या आरंभी लायडनची जागा स्वीकारली. पुढील सुमारे ४१ वर्षे, म्हणजे देह ठेवीपर्यंत, त्यांनी ती सोडली नाही.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळण्यापूर्वी हृदय व वीज यांचा संबंध काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एके ठिकाणी अत्यंत सूक्ष्म असा विजेचा प्रवाह आपोआप उत्पन्न होतो. तो प्रथम वरच्या दोन कप्प्यांत पसरतो, मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत उतरतो; व जेथे जेथे तो पोहोचतो तेथील स्नायू आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतो. ठोक्यामागून ठोका असा हा क्रम चालतो. शरीर खारट द्रवाने भरलेले असल्यामुळे या विजेचा अल्पसा अंश कातडीपर्यंत येतो. तो इतका क्षीण असतो की, साध्या यंत्रास त्याचा पत्ताही लागत नाही.

लंडनचे डॉक्टर ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली जिवंत मनुष्याच्या हृदयातील ही वीज शरीराबाहेरून प्रथम नोंदून दाखविली. जिमी नावाच्या आपल्या पाळीव कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून ते हाच प्रयोग सभांतून करीत असत. बाझल येथे १८८९ साली शरीरशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली, तेथे वॉलर यांचा प्रयोग आइंथोवेन यांनी पाहिला. वॉलर यांचे यंत्र म्हणजे पारा भरलेली एक अत्यंत बारीक काचनळी होती. विजेच्या योगाने पारा वरखाली होई, व त्याची छाया छायाचित्राच्या काचेवर पडे. परंतु पारा पडला जड. हृदयातील वीज क्षणार्धात चढते व उतरते. तिच्यामागून पारा धावे, तो नेहमी मागे पडे. त्यामुळे जी रेषा उमटे ती हृदयाची खरी रेषा नसून आळशी पाऱ्याने काढलेली तिची ओबडधोबड नक्कल असे.

पुष्कळांनी ही नक्कल पाहून समाधान मानले. आइंथोवेन यांस मात्र ते मान्य होईना. पारा किती वेळाने मागे राहतो हे मोजून, गणिताच्या साह्याने त्यांनी एकेका रेषेची दुरुस्ती केली, व पाऱ्याने आळस केला नसता तर रेषा कशी उमटली असती ते कागदावर काढून दाखविले. हे काम किती कंटाळवाणे असेल ते गणित सोडविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको! १८९५ साली त्यांनी अशा दुरुस्त रेषेतील पाच चढउतारांस रोमन वर्णमालेतील पी, क्यू, आर, एस व टी ही नावे दिली. पी म्हणजे वरचे कप्पे जागे झाल्याची खूण. क्यू, आर, एस म्हणजे खालचे मोठे कप्पे जागे झाल्याची. आणि टी म्हणजे ते कप्पे पुन्हा पुढील ठोक्यास सज्ज झाल्याची. आज जगातील कोणत्याही देशात, कोणत्याही भाषेचा डॉक्टर असो, तो हीच पाच अक्षरे उच्चारतो.

परंतु दर रोग्यामागे तासन्‌तास गणित करीत बसणे शक्य नव्हते. तेव्हा पाऱ्याचा नाद सोडून त्यांनी नवेच यंत्र उभारावयाचे ठरविले. लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये तार ताणून धरली व तीतून वीज सोडली, तर तार किंचित बाजूस सरते, हा नियम शास्त्रज्ञांस ठाऊक होता. तारायंत्राच्या कामासाठी फ्रान्समधील आदेर यांनी १८९७ साली तशा प्रकारचे यंत्र बनविलेही होते. परंतु हृदयाच्या विजेसाठी तार इतकी हलकी हवी की, तिला वजनच नसल्यासारखे व्हावे. यासाठी गारेचा दगड प्रखर ज्योतीत वितळवून, त्यास बाण जोडून तो धनुष्याने वेगाने सोडीत. बाणामागोमाग जो तंतू ओढला जाई, तो मनुष्याच्या केसाहूनही कितीतरी पटींनी बारीक असे. त्यावर चांदीचा पातळ मुलामा चढवीत, म्हणजे त्यातून वीज वाहू शके. असा तंतू प्रचंड विद्युत्‌चुंबकात ताणून, त्यावर प्रकाश पाडून, त्याची हलणारी छाया सूक्ष्मदर्शकाने मोठी करून छायाचित्राच्या सरकत्या काचेवर घ्यावयाची, अशी ही योजना होती.

या यंत्राचे पहिले वर्णन त्यांनी १९०१ साली प्रसिद्ध केले, व सविस्तर वृत्त १९०३ साली. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, म्हणजे आपल्याकडील जुन्या मापाने सात मणांहून अधिक भरले! त्यास दोन खोल्या लागत, चालविण्यास पाच माणसे लागत, व चुंबक तापू नये म्हणून पाणी सतत खेळवावे लागे. रोग्याने दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या पात्रांत बुडवून खुर्चीवर बसावयाचे. पण त्या यंत्राने जी रेषा काढली, ती आइंथोवेन यांनी पूर्वी गणिताने काढलेल्या रेषेशी तंतोतंत जुळली. ज्याने कष्टाने उत्तर काढून ठेवले आहे, त्याचे उत्तर पुढे दुसऱ्या मार्गाने पडताळून खरे ठरावे, याहून मोठे समाधान विद्वानास कोणते?

येथे दुसरी अडचण उभी राहिली. हृदयाचे खरे रोगी होते रुग्णालयात, आणि हे अवजड यंत्र होते दीड किलोमीटर दूर असलेल्या प्रयोगशाळेत. यंत्र हलविता येईना, व अत्यवस्थ रोग्यास तेथवर आणणे धोक्याचे. आइंथोवेन यांनी दोहोंमध्ये टेलिफोनच्या तारा जोडल्या. १९०५ साली रुग्णालयात बसलेल्या मनुष्याच्या हृदयाचे स्पंदन त्या तारांवरून धावत प्रयोगशाळेत आले, व तेथे काचेवर उमटले. रोगी एकीकडे व त्याचे हृदय पाहणारा दुसरीकडे, ही आज सामान्य वाटणारी गोष्ट त्या दिवशी आरंभास आली. या मार्गाने आलेल्या निरनिराळ्या रोग्यांच्या रेषा त्यांनी १९०६ साली प्रसिद्ध केल्या, आणि निरोगी हृदयाचे अक्षर कसे व रोगी हृदयाचे कसे, हे वैद्यांच्या नजरेस प्रथम आले.

पुढे इंग्लंडात चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव होरेस डार्विन यांच्या केंब्रिज येथील कारखान्यात ही यंत्रे बनू लागली, व १९११ च्या सुमारास ती टेबलावर मावतील इतकी आटोपशीर झाली. लंडनचे डॉक्टर थॉमस लुईस यांनी या यंत्राच्या साह्याने अनियमित ठोक्यांच्या रोगांचा शोध लावला, व प्रयोगशाळेतील विद्या रोग्याच्या खाटेपाशी आणून ठेवली. आइंथोवेन यांनी दोन हात व डावा पाय या तीन बिंदूंचा त्रिकोण कल्पून हृदयातील विजेची दिशा मोजण्याची रीत १९१३ पर्यंत सिद्ध केली. आज ईसीजीच्या बारा जोडण्या काढतात. त्यांतील पहिल्या तीन आइंथोवेन यांच्याच आहेत.

या कार्याबद्दल १९२४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. ही वार्ता प्रसिद्ध झाली तेव्हा ते अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते. पुढील वर्षी पारितोषिकाचे व्याख्यान देताना त्यांनी लुईस यांच्या कामाचा मोठ्या आदराने उल्लेख केला, व आपल्या विद्येस जे मोल आले त्याचे श्रेय त्यांसही दिले. त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगतात. यंत्र घडविताना एका कारागिराने त्यांस वर्षानुवर्षे साह्य केले होते. पारितोषिकाची रक्कम हाती येताच त्यांनी त्याचा शोध केला. तो मरण पावला होता; परंतु त्याच्या दोन बहिणी हलाखीत दिवस कंठीत असल्याचे कळले, तेव्हा त्यांनी रकमेचा अर्धा भाग त्यांस दिला. ज्यांचे नाव ग्रंथात येत नाही अशा हातांचे ऋण मानणे, हा विद्येचाच एक भाग आहे.

१९२७ साली आइंथोवेन कर्करोगाने अंथरुणास खिळले. रोग पोटात होता. त्या काळी या रोगावर शस्त्रक्रिया व रेडियम किंवा क्ष-किरण यांवाचून इलाज नव्हता, आणि तोही वेळीच रोग सापडला तर. पुष्कळ यातना सोसून सप्टेंबर १९२७ च्या अखेरीस लायडन येथे त्यांनी देह ठेवला; त्या वेळी त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. हृदयाचे लिखाण साऱ्या जगास शिकविणाऱ्या पुरुषास शेवटी दुसऱ्याच रोगाने नेले.

येथे चरित्र संपले असे कोणास वाटेल. परंतु थोर पुरुषाचे चरित्र त्याच्या मरणाबरोबर संपत नाही. त्याची विद्या पुढे कोणाच्या उपयोगी पडली, हेही पाहावे लागते. आणि त्यांची विद्या ज्यांच्या उपयोगी पडली, त्यांत ज्या रोगाने ते गेले त्याच रोगाचे रुग्ण आहेत.

हृदयातही गाठ होते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मूळ हृदयातच उत्पन्न होणाऱ्या गाठी फार विरळा. त्यांतही प्रौढ माणसांत आढळणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, तथापि त्या रक्ताचा मार्ग अडवितात म्हणून घातक ठरू शकतात. याहून कितीतरी अधिक वेळा फुप्फुस, स्तन, रक्त इत्यादी ठिकाणचा कर्करोग पसरत पसरत हृदयापर्यंत येतो. जुन्या काळी अशा गाठी मरणोत्तर तपासणीतच सापडत. आइंथोवेन यांच्या मृत्यूनंतर सातच वर्षांनी, १९३४ साली, अमेरिकेतील डॉक्टरांनी ईसीजीतील बिघाड व शरीरात अन्यत्र पसरलेल्या गाठीचा तुकडा यांवरून एका जिवंत रोग्याच्या हृदयात कर्करोग असल्याचे निदान केले. मूळ हृदयातच झालेल्या कर्करोगाचे रोगी जिवंत असताना झालेले हे पहिले निदान मानतात.

रेषेने सूचना मिळे, पण गाठ डोळ्यांस दिसत नसे. ती उणीव स्वीडनमध्ये भरून निघाली. लुंड येथील डॉक्टर एडलर व पदार्थवैज्ञानिक हर्ट्‌झ यांनी १९५३ साली, जहाजांच्या कारखान्यात लोखंडातील दोष हुडकण्याच्या कामी येणारे यंत्र छातीस लावून, कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून हृदयाच्या हालचाली टिपल्या. आज आपण ज्यास टू-डी इको म्हणतो, त्याचा उगम हाच. १९५४ साली स्टॉकहोम येथे शल्यवैद्य क्राफोर्ड यांनी हृदयाच्या कप्प्यातील गाठ यशस्वी रीतीने काढली, आणि १९५९ साली जर्मनीत प्रतिध्वनीच्या यंत्राने अशी गाठ रोग्याच्या हयातीतच ओळखली गेली.

आता ती दुसरी गोष्ट, जी आम्ही मघाशी पुढे येईल म्हणालो. पुढे कर्करोगावर गुणकारी औषधे निघू लागली. त्यांतील एक प्रसिद्ध औषध, डॉक्सोरुबिसिन, इटलीत मातीतील सूक्ष्म जंतूंपासून मिळाले. ते रंगाने लाल असते. स्तनाचा, रक्ताचा व हाडांचा कर्करोग यांवर त्याने असंख्य जीव वाचविले. परंतु हेच औषध काही रोग्यांच्या हृदयाचा स्नायू दुबळा करते, असे दिसून आले. आणि एकंदर मात्रा जितकी मोठी तितका हा धोका अधिक, हे १९७९ सालच्या एका मोठ्या अभ्यासाने स्पष्ट केले. छातीवर दिलेले किरण, ज्यास आपल्याकडे लोक शेक म्हणतात, तेही हृदयाच्या रक्तवाहिन्यांस व पडद्यांस इजा करू शकतात. या इजेचे लक्षण असे की, ती कित्येकदा लगेच दिसत नाही. उपचारानंतर पाच, दहा, वीस वर्षांनीही डोके वर काढते. म्हणजे ज्या मुलाचा कर्करोग बालपणी बरा झाला, ते मूल कॉलेजात जाऊ लागले, नोकरीस लागले, संसारात पडले, सर्वांनी जुने दुखणे विसरून टाकले, अशा वेळी तो मुका सेवक थकू लागलेला असू शकतो.

म्हणून आता डॉक्टर उपचारापूर्वी, उपचार चालू असताना व उपचार संपल्यावरही ठराविक काळाने हृदयाची तपासणी करतात. हृदय दर ठोक्यास किती रक्त ढकलते हे इकोने मोजतात. ईसीजीने ठोक्यांचा क्रम व विजेची वाट पाहतात. प्रसंगी रक्ताची परीक्षाही करतात. यांत मुख्य भिस्त इकोवर असते. केवळ ईसीजी निर्दोष आला म्हणून सर्व ठीक आहे असे धरून चालत नाहीत. दोष लवकर सापडला तर हृदयास आधार देणारी औषधे आहेत, व ती वेळीच घेतली तर पुष्कळांचे हृदय सावरते. मुंबईस परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. लहानपणी कर्करोग होऊन बरे झालेल्या मुलांच्या पुढील तपासणीसाठी तेथे १९९१ पासून स्वतंत्र व्यवस्था आहे.

आमच्या वाचकांत असे पालक असतील की, ज्यांच्या घरी कोणी या दुखण्यातून उठले आहे. मूल हसतेखेळते झाले, की रुग्णालयाची पायरी पुन्हा चढू नये असे आईबापांस वाटणे साहजिक आहे. त्या जागेच्या आठवणी कोणास नको असतात. पैशांची ओढ व प्रवासाचा त्रास हेही आहेतच. पण हसते मूल हे हृदय निकोप असल्याचे प्रमाण नव्हे. आमची एवढीच विनंती की, उपचाराचे कागद जपून ठेवावेत. कोणते औषध किती दिले, शेक कोठे दिला, हे लिहून घ्यावे. डॉक्टर बदलले तर नव्या डॉक्टरांस ते प्रथम दाखवावे. आणि सांगितलेल्या तारखेस तपासणी चुकवू नये. चालताना पूर्वी न लागणारी धाप लागणे, पाय सुजणे, छातीत धडधडणे, भोवळ येणे, यांपैकी काही झाल्यास तारखेची वाट न पाहता जावे. यात भिण्याचे कारण नाही. बरे झालेल्यांपैकी बहुतेकांस हृदयाची गाठ कधी होत नाही, व पुष्कळांचे हृदय आयुष्यभर चांगले राहते. परंतु आपण त्या पुष्कळांत आहो की नाही, हे विचारल्यावाचून कळत नाही.

विद्यार्थ्यांस मात्र आम्ही आइंथोवेन यांच्या दुसऱ्या गुणाकडे पाहावयास सांगू. पाऱ्याची ओबडधोबड रेषा समोर असताना तीवर समाधान मानणे सोपे होते. त्यांनी ते मानले नाही. जे दिसते ते खरे आहे काय, हे त्यांनी पुन्हा मोजून पाहिले. आणि मोजण्याचे साधन अपुरे निघाले तेव्हा दुसरे घडविले. मोडलेल्या हाताचा अभ्यास करणारा मुलगा आणि गारेच्या तंतूवर हृदयाचे लिखाण उतरविणारा पंडित, हे एकच मनुष्य होते. आपल्यापैकी प्रत्येकास एवढे मोठे यंत्र घडविता येणार नाही. परंतु आपले काम पुन्हा एकदा तपासून पाहणे, साह्य करणाऱ्याचे ऋण न विसरणे, आणि घरात जो कोणी तक्रार न करता राबत आहे त्याची विचारपूस वेळीच करणे, एवढे तर आपणा सर्वांस साधण्यासारखे आहे. तेवढे जरी आमच्या वाचकांनी मनावर घेतले, तरी हे चरित्र लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.